एक ओळही मागे न ठेवलेल्या अ‍ॅन हचिन्सनचं घराणं कसं सापडतं

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात ऑल्फर्ड नावाचं बाजाराचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवहीत विल्यम हचिन्सन या कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलांचे बाप्तिस्मे नोंदलेले आहेत. फ्रान्सिसचा बाप्तिस्मा २४ डिसेंबर १६२० ला झाला. त्याच्यामागची बहीण एलिझाबेथ, तिचा १७ फेब्रुवारीला, आणि वर्ष त्या काळच्या हिशेबानं १६२१. पहिल्यांदा वाचणारा इथे थबकतो. एकाच आईला दोन महिन्यांच्या अंतरानं दोन मुलं कशी होतील? मग कुणी ठरवतं की एलिझाबेथ दुसऱ्या बायकोची असणार, कुणी ठरवतं की गावात दोन विल्यम हचिन्सन असतील, आणि घराण्याच्या झाडाला नसलेली फांदी फुटते.

उलगडा साधा आहे. त्या वेळी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपलं शक संवत्सर पाडव्याला बदलतं, तसंच काहीसं. त्यामुळे डिसेंबर १६२० नंतरचे जानेवारी, फेब्रुवारी आणि बराचसा मार्च हे महिनेही १६२० मध्येच मोजले जात. 'फेब्रुवारी १६२१' म्हणजे आपला फेब्रुवारी १६२२. दोन भावंडांमध्ये चौदा महिन्यांचं अंतर आहे आणि सगळं जागच्या जागी आहे. घोटाळा होऊ नये म्हणून अभ्यासक अशी तारीख १६२१/२२ अशी जोडून लिहितात. इंग्लंडनं आणि त्याच्या वसाहतींनी ही रीत १७५२ मध्ये सोडली. त्याआधीच्या कुठल्याही कागदावर जानेवारी ते मार्चमधली तारीख दिसली, की आधी थांबायचं आणि वर्ष तपासायचं.

या मुलांची आई अ‍ॅन हचिन्सन. अमेरिकेत गेलेल्या सुरुवातीच्या प्युरिटन वसाहतकारांपैकी तिचं नाव आजही शाळेच्या पुस्तकात आहे, बॉस्टनच्या राज्यभवनासमोर तिचा पुतळा आहे, न्यूयॉर्कजवळ एक नदी तिच्या नावानं वाहते. पण तिच्या हातची एक ओळही उरलेली नाही. तिच्या हयातीत काढलेलं चित्र नाही, थडगं नाही. तरी तिचा जन्म, तिची पंधरा मुलं, तिची भांडणं आणि तिचा मृत्यू हे सगळं आपण बऱ्यापैकी तपशिलानं सांगू शकतो. ते कसं, हे मला इथे उलगडून दाखवायचं आहे. तिच्याबद्दलचा प्रत्येक कागद दुसऱ्याच कुणीतरी, स्वतःच्या कारणासाठी लिहिलेला आहे. तो कुणी आणि कशासाठी लिहिला, हे विचारत गेलं की बाई हळूहळू दिसायला लागते.

आधी प्युरिटन कोण, ते थोडक्यात. सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून वेगळं झालं, पण जुने विधी, पोशाख आणि बिशपांची उतरंड बरीचशी तशीच राहिली. हे सगळं धुऊन काढून चर्च शुद्ध करा, असं म्हणणारे ते प्युरिटन. १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून प्लिमथला उतरलेल्यांमधल्या धार्मिक गटानं इंग्लंडच्या चर्चशी नातंच तोडलेलं होतं. १६३० पासून मॅसॅच्युसेट्सला आलेल्या प्युरिटनांना चर्च सोडायचं नव्हतं, सुधारायचं होतं. इंग्लंडमध्ये त्यांच्यावरचा दबाव वाढत गेला आणि दहा-बारा वर्षांत वीसेक हजार माणसं समुद्र ओलांडून गेली. पुढे याच लोकांच्या चर्चांना 'काँग्रिगेशनल' म्हणू लागले, आणि त्या परंपरेतले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि नंतर अहमदनगरला आले. १८४२ मध्ये सुरू झालेलं 'ज्ञानोदय' त्यांचंच. मराठी वाचकाला हे लोक वाटतात तितके परके नाहीत.

अ‍ॅनचा माग काढायचा तर सुरुवात पुन्हा ऑल्फर्डच्या नोंदवहीपासूनच करावी लागते. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या मंत्र्यानं, थॉमस क्रॉमवेलनं, हुकूम काढला की प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवायची. इंग्लंडमधल्या साध्या माणसाच्या घराण्याचा शोध आज शक्य होतो तो मुख्यतः या हुकमामुळे. अ‍ॅनचा बाप्तिस्मा २० जुलै १५९१ चा आहे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा, की ही जन्मतारीख नाही. मूल तेव्हा काही दिवसांचंच असे, पण नेमका दिवस वहीत नसतो. म्हणून नीट काम करणारा माणूस 'जन्म २० जुलै' असं कधीच लिहीत नाही.

वडील फ्रान्सिस मार्बरी पाद्री होते आणि तोंडाचे फटकळ. अडाणी पाद्री नेमल्याबद्दल बिशपांना दोष दिला म्हणून १५७८ मध्ये लंडनमध्ये त्यांची चौकशी झाली आणि तुरुंगवासही झाला. त्या चौकशीतली सवालजवाबांची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. आई ब्रिजेट ड्रायडन. अ‍ॅनचे मामा इरॅस्मस ड्रायडन, आणि या मामांचा नातू म्हणजे पुढे गाजलेला इंग्रज कवी जॉन ड्रायडन. ९ ऑगस्ट १६१२ ला लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये अ‍ॅनचं लग्न गावाकडच्याच विल्यम हचिन्सनशी झालं आणि जोडपं ऑल्फर्डला परतलं.

त्यानंतर बाप्तिस्म्यांची रांग लागते. एडवर्ड, सुझॅना, रिचर्ड, फेथ, ब्रिजेट, फ्रान्सिस, एलिझाबेथ, विल्यम, सॅम्युएल, अ‍ॅन, मेरी, कॅथरिन, मग पुन्हा विल्यम आणि पुन्हा सुझॅना. चौदा मुलं ऑल्फर्डची, पंधरावं झुरिएल अमेरिकेत झालेलं. यादी वाचताना दोन नावं दोनदा आलेली दिसतात, आणि ही चूक नाही. त्या काळी मूल दगावलं, तर पुढच्या बाळाला तेच नाव पुष्कळदा देत. १६२३ मध्ये बाप्तिस्मा झालेला विल्यम लहानपणीच गेला, १६३१ मधला विल्यम त्याच्या नावाचा. थोरली सुझॅना १६१४ ची. १६३० च्या प्लेगात, सोळाव्या वर्षी, ती गेली. त्याच साथीत आठ वर्षांची एलिझाबेथही गेली. दफनांच्या नोंदी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या आहेत, दोन बहिणींमध्ये महिनाभराचंही अंतर नाही. तीन वर्षांनी झालेल्या मुलीचं नाव आईबापांनी सुझॅना ठेवलं.

ही धाकटी सुझॅना पुढे आपल्याला लागणार आहे. जो दफनांची पानं न उलटता फक्त बाप्तिस्मे उतरवून घेतो, तो दोघींना एक करतो, आणि मग १६१४ ला जन्मलेल्या बाईला १६६०-७० च्या दशकांत मुलं होताना दाखवतो. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांमध्ये असले चमत्कार नेहमी दिसतात. एकानं चूक केली की शंभर जण ती उतरवतात, आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून एकशेएकाव्याला ती खरी वाटते.

ऑल्फर्डहून वीसेक मैलांवर बॉस्टन गाव, अमेरिकेतल्या बॉस्टनचं मूळ. तिथले पाद्री जॉन कॉटन यांचं प्रवचन ऐकायला हचिन्सन कुटुंब जात असे. १६३३ मध्ये कॉटनना अटकेच्या भीतीनं इंग्लंड सोडावं लागलं. पुढच्या वर्षी हचिन्सन कुटुंब 'ग्रिफिन' जहाजानं त्यांच्यामागून निघालं आणि सप्टेंबर १६३४ मध्ये मॅसॅच्युसेट्सला उतरलं.

इथून पुढे कागदाचा प्रकार बदलतो. नव्या बॉस्टनमध्ये चर्चचं सदस्यत्व आपोआप मिळत नसे, मंडळीसमोर आपल्या श्रद्धेची साक्ष द्यावी लागे. सदस्यांच्या यादीत विल्यमचं नाव २६ ऑक्टोबरला आहे, अ‍ॅनचं २ नोव्हेंबरला. नवराबायको एकाच जहाजातून आले, एकाच घरात राहत होते, मग बायकोला आठवडा जास्त का लागला? जहाजावर झकरायाह सिम्स नावाचे पाद्री होते. प्रवासात अ‍ॅन त्यांच्या प्रवचनांवर जे बोलली, ते त्यांना खटकलं होतं आणि त्यांनी तशी तक्रार केली. यादीतल्या त्या आठ दिवसांच्या अंतरामागे तीन वर्षांनी पेटलेल्या भांडणाची पहिली ठिणगी आहे. मला या सगळ्या कागदांमधला हा सर्वांत आवडता तपशील वाटतो. यादी लिहिणाऱ्यानं नुसती तारीख टाकली, पण दुसरा कागद शेजारी ठेवला की तीच तारीख बोलायला लागते.

अ‍ॅन बॉस्टनच्या बायकांच्या बाळंतपणांना मदतीला जाई. आठवड्याला घरी बायका जमवून ती रविवारच्या प्रवचनावर बोलायची. पुढे पुरुषही येऊ लागले, तरुण गव्हर्नर हेन्री वेनसुद्धा. वाद काय होता तेही सोपं करून सांगतो. प्युरिटनांच्या मते कुणाचा उद्धार होणार, हे देवानं आधीच ठरवलेलं असतं. मग आपण त्यात आहोत की नाही, हे माणसाला कळावं कसं? बहुतेक पाद्री म्हणत, नीतीचं वागणं ही त्याची खूण. अ‍ॅन म्हणे, वागण्यावरून काहीच कळत नाही, चांगलं तर ढोंगी माणूसही वागतो, खरी खूण आत्म्यात आतून मिळते. कॉटन आणि जॉन व्हीलराइट सोडले तर बाकीचे पाद्री कृपेऐवजी कर्मांवर भर देतात, असं तिचं म्हणणं. कृपेच्या करारावर, म्हणजे उद्धार देवाच्या कृपेनंच होतो या विश्वासावर, उभ्या असलेल्या वसाहतीत पाद्र्यांवर याहून मोठा आरोप नव्हता, आणि तो करणारी बाई होती.

जॉन विन्थ्रॉप हे वसाहतीचे सर्वांत वजनदार पुढारी. अ‍ॅनचं घर त्यांच्या घरासमोरच होतं. ते रोजनिशी लिहीत. ऑक्टोबर १६३६ मध्ये त्यांनी लिहिलं आहे की हजरजवाबी आणि धीट वृत्तीच्या मिसेस हचिन्सन नावाच्या बाईनं दोन घातक चुकीची मतं सोबत आणली आहेत, आणि तिचा एक 'ब्रदर', मिस्टर व्हीलराइट, तिच्या बाजूला आहे.

'ब्रदर' वाचून नवखा माणूस व्हीलराइटला मार्बरी घराण्यात जन्माला घालतो. आडनाव वेगळं दिसलं तर सावत्र भाऊ ठरवतो. प्रत्यक्षात व्हीलराइटची दुसरी बायको मेरी ही विल्यम हचिन्सनची बहीण. म्हणजे तो अ‍ॅनच्या नणंदेचा नवरा. मराठीत दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा, सगळ्यांना आपण वेगवेगळं ओळखतो. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत मात्र 'ब्रदर' म्हणजे सख्खा भाऊ, मेहुणा, साडू किंवा चर्चमधला बंधू यांपैकी कुणीही असू शकतो. 'कझिन' म्हणजे कधी पुतण्या किंवा भाचा, 'सन-इन-लॉ' म्हणजे कधी सावत्र मुलगा. शब्दावरून नातं ठरवायचं नाही. आधी लग्नाची नोंद किंवा मृत्युपत्र शोधायचं, नातं त्यावरून ठरवायचं आणि मग शब्दाकडे परत यायचं.

नोव्हेंबर १६३७ मध्ये न्यूटाउनला, म्हणजे आजच्या केंब्रिजला, अ‍ॅनवर दोन दिवस खटला चालला. ती सेहेचाळीस वर्षांची होती. अध्यक्ष विन्थ्रॉप, फिर्यादीही जवळपास तेच. पहिल्या दिवशी तिनं प्रत्येक प्रश्नाला बायबलच्या वचनानं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की देवानं मला हे थेट प्रकट केलं, आणि न्यायालयाला हवं होतं ते मिळालं. हद्दपारीचा हुकूम ऐकल्यावर तिनं विचारलं, मला कशासाठी हद्दपार करता? विन्थ्रॉपचं उत्तर नोंदलेलं आहे: आता बोलू नका, कशासाठी ते न्यायालयाला ठाऊक आहे आणि न्यायालयाचं समाधान झालेलं आहे. मार्च १६३८ मध्ये चर्चनंही तिला बाहेर काढलं. थोरला मुलगा एडवर्ड आणि जावई थॉमस सॅव्हेज मध्ये बोलले, तर त्यांनाही तिथेच समज देण्यात आली.

हा खटला आपल्याला शब्दश: वाचायला मिळतो त्याचं श्रेय तिच्या वंशजाला जातं. तिचा मुलगा एडवर्ड, नातू एलिशा, पणतू थॉमस आणि खापरपणतू पुन्हा थॉमस. हा खापरपणतू थॉमस हचिन्सन पुढे त्याच मॅसॅच्युसेट्सचा राजानं नेमलेला गव्हर्नर झाला. त्याला इतिहासाचं वेड होतं आणि त्यानं जुने कागद वर्षानुवर्षं जमवले होते. २६ ऑगस्ट १७६५ च्या रात्री, ब्रिटिश सरकारनं वसाहतींतल्या कागदपत्रांवर लावलेल्या स्टॅम्प कराच्या संतापात, जमावानं त्याचं बॉस्टनमधलं घर फोडलं आणि कागद रस्त्यावर फेकले. अँड्र्यू इलियट नावाच्या शेजारच्या पाद्र्यानं चिखलातून सापडले तितके उचलून आणले. वसाहतीच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाचं हस्तलिखित त्यांत होतं. मॅसॅच्युसेट्सच्या दप्तरखान्यात त्याच्या पानांवर चिखलाचे डाग अजून दिसतात. १७६७ मध्ये तो खंड छापला गेला आणि त्याच्या पुरवणीत थॉमसनं आपल्या खापरपणजीच्या खटल्याचा मजकूर घातला. विन्थ्रॉपनी लिहिलेल्या हकिकतीत अ‍ॅन नुसती हट्टी दिसते. इथे तिचे सवाल आणि तिची उत्तरं समोर येतात.

७ मार्च १६३८ ला, चर्चचा निकाल लागण्याच्याही आधी, तेवीस पुरुषांनी नवी वस्ती वसवण्याच्या करारावर सह्या केल्या. यातून ऱ्होड आयलंडमधलं पोर्ट्समथ उभं राहिलं. राजकारणाचा अभ्यासक हा करार वेगळ्या नजरेनं वाचेल, घराणं शोधणाऱ्याला त्यात एक अख्खं कुटुंब दिसतं. अ‍ॅनचा नवरा विल्यम, मुलगा एडवर्ड, दीर एडवर्ड, फेथचा नवरा थॉमस सॅव्हेज, ब्रिजेटचा नवरा जॉन सॅनफर्ड. अ‍ॅनची सही नाही, बायकांची सही घेतच नसत. पण या पाच जणांना जोडणारा धागा तीच आहे.

दोन एडवर्डांपुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' लिहिलेलं आहे. आजच्या सवयीनं आपण बापलेक समजतो, हे तर काका-पुतणे. गावात एका नावाची दोन माणसं असली की वयानं मोठा तो सीनियर. त्यातला मोठा वारला किंवा गाव सोडून गेला तर कालचा ज्युनियर आज सीनियर होई. एकाच माणसाला दोन कागदांत दोन बिरुदं असली, तरी माणसं दोन होत नाहीत.

हद्दपारीनंतर लगेच अ‍ॅनचा गर्भ भलत्या रूपात पडला. विन्थ्रॉपनी ती हकिकत मिळवून वहीत उतरवली, कारण त्यांना ती देवानं दिलेली शिक्षा वाटत होती. आजच्या डॉक्टरांना त्या वर्णनात द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखा वाढलेला गोळा, दिसतो. शत्रूनं सूडाच्या भावनेनं टिपलेला तपशील तीनशे वर्षांनी निदानाच्या कामी आला. म्हणून पक्षपाती कागद फेकून द्यायचे नसतात. लिहिणाऱ्यानं काढलेला अर्थ बाजूला ठेवायचा आणि त्यानं पाहिलेलं किंवा ऐकलेलं तेवढं उचलायचं.

काही वर्षांत विल्यम वारला. मॅसॅच्युसेट्स ऱ्होड आयलंडही गिळेल या भीतीनं अ‍ॅन धाकट्या मुलांना घेऊन डचांच्या मुलखात, आजच्या न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, राहायला गेली. वेळ वाईट होती. फेब्रुवारी १६४३ मध्ये डच गव्हर्नर कीफ्टच्या हुकमावरून सैनिकांनी आसऱ्याला आलेल्या मूलनिवासींची झोपेत कत्तल केली होती, बायकामुलांसह. त्याचा सूड आसपासच्या वस्त्यांवर उगवला. ऑगस्टमध्ये सिवानॉय लोकांनी हचिन्सनांच्या घरावर हल्ला केला. अ‍ॅन, फ्रान्सिस, लग्न झालेली मुलगी अ‍ॅन आणि तिचा नवरा, मेरी, कॅथरिन, विल्यम, झुरिएल, सगळे मारले गेले. वाचली ती नऊ वर्षांची सुझॅना. तिला त्यांनी सोबत नेलं.

तिच्याभोवती गोष्टी पुष्कळ जमल्या आहेत. स्प्लिट रॉक नावाच्या दुभंगलेल्या खडकाच्या फटीत ती लपली होती म्हणतात, लाल केसांमुळे तिला मारलं नाही म्हणतात. खडक खरा आहे, आजही पाहता येतो. गोष्टींना त्या काळचा कागद नाही. अशा गोष्टी जपाव्यात, पण वंशवृक्षात 'कुटुंबात सांगतात' एवढं लिहून वेगळ्या ठेवाव्यात. कागद सांगतो तो इतकाच, की काही वर्षांनी ती इंग्रजांकडे परत आली आणि ३० डिसेंबर १६५१ ला बॉस्टनमध्ये जॉन कोलशी तिचं लग्न झालं. ज्या गावानं आईला हाकललं, त्याच गावात.

अ‍ॅनचे वंशज आज असंख्य आहेत. एडवर्ड, फेथ, ब्रिजेट आणि सुझॅना या चार मुलांकडून वंश पसरला. ब्रिजेटचा मुलगा पेलेग सॅनफर्ड ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर झाला. एडवर्ड १६७५ मध्ये मूलनिवासींशी बोलणी करायला गेला असता झालेल्या हल्ल्यात जखमी होऊन वारला. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश हे अ‍ॅनच्याच वंशातले. एखाद्या अमेरिकन कुटुंबाला आपण तिचे वंशज आहोत असं वाटत असेल, तर स्वतःपासून एकेक पिढी मागे जात प्रत्येक दुव्याला जन्म, लग्न, जमीन किंवा मृत्युपत्राचा कागद लावावा लागतो. हचिन्सन आडनाव असणं हा पुरावा नाही. तीन मुलींचे वंशज तर पहिल्याच पिढीत सॅव्हेज, सॅनफर्ड आणि कोल झाले. १८४५ पासून बॉस्टनमध्ये असलेली न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटी हेच काम करते. १९८८ पासून तिथे सुरुवातीच्या स्थलांतरितांचा एकेक करून कागदोपत्री धांडोळा घेतला जातो आहे. १९८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी अ‍ॅनची हद्दपारी माफ केली. तीनशे पन्नास वर्षांनी का होईना, तिच्या दप्तरात एक कागद तिच्या बाजूचा जमा झाला.

सुझॅना बरीच वर्षं जगली. नवऱ्याबरोबर ती पुढे ऱ्होड आयलंडला राहायला गेली आणि तिला पुष्कळ मुलं झाली. तिनंही आईसारखंच मागे काही लिहून ठेवलेलं नाही. पण तिच्या मुलांची नावं नोंदलेली आहेत, आणि त्या यादीत मेरी आहे, अ‍ॅन आहे, विल्यम आहे, फ्रान्सिस आहे.